समासांतील पुरावा : गाब्रिएल द सँतोबँ

जुन्या ग्रंथाची प्रत पारखतांना समास कोरा आढळला म्हणजे संग्राहक ती उत्तम समजतात. ही कसोटी सरसहा लावणें इतिहासास किती घातक आहे, हें पॅरिसचा चित्रकार गाब्रिएल द सँतोबँ (१७२४–१७८०) याच्या कार्यावरून दिसून येतें.

तरुण चित्रकारांस रोम येथें पाठविण्यासाठीं फ्रान्सची राजाश्रित अकादमी जें पारितोषिक देई, त्यासाठीं यानें १७५२ ते १७५४ या तिन्ही वर्षीं प्रयत्न केला. परंतु पहिलें पारितोषिक त्यास लाभलें नाहीं. पुढें त्यानें शहर हाच आपला विषय केला. बागा, नाट्यगृहें, रस्त्यांवरील गर्दी, १७६२ सालीं सँ-जेर्मँच्या बाजारास लागलेली आग, जें दिसेल तें तो टिपून घेई. तो सर्व काळीं व सर्व ठिकाणीं चित्रें काढी, असें त्याचा वडील बंधु शार्ल-जेर्मँ यानेंच नमूद करून ठेविलें आहे.

संशोधकास अधिक मोलाचें असें त्याचें काम मात्र छापील याद्यांच्या समासांत आहे. लूव्रमधील ‘सालों’ नामक प्रदर्शनास किंवा एखाद्या संग्रहाच्या लिलावास जातांना तो छापील यादी बरोबर नेई, आणि समोरील चित्राची इवलीशी प्रतिकृति त्या त्या नोंदीशेजारीं काढी. १७६१, १७६९ व १७७७ या सालांच्या त्याच्या सालोंच्या याद्या पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहेत. प्रसिद्ध संग्राहक मारिएत याच्या मृत्यूनंतर १७७५–७६ मध्यें झालेल्या लिलावाची यादीही त्यानें अशीच चित्रित केली.

छापील नोंदींत बहुधा चित्रकाराचें नांव, विषय व माप एवढेंच असतें. एकाच चित्रकाराचीं एकाच विषयावरील दोन चित्रें असलीं, तर विकलें गेलें तें कोणतें, हें शब्दांवरून ठरत नाहीं. आकृतीचें तोंड कोणीकडे आहे, वृक्ष कोणत्या बाजूस आहे, हें समासांतील चार रेघा सांगतात. मूळ चित्र नष्ट झालें असल्यास त्या रेघाच त्याचा अवशेष होत. अर्थात् घाईंत काढलेली आकृति तपशिलांत चुकूं शकते. म्हणून ती छापील मापाशीं ताडून पाहावी, व दोहोंचा मेळ बसल्यावरच निर्णय करावा.

एमिल दासिए यानें १९०९ पासून या याद्यांच्या प्रतिकृति प्रसिद्ध केल्या, तेव्हां हें साधन अभ्यासकांच्या हातीं आलें. पुनर्बांधणीच्या वेळीं कडा कापल्या गेल्या असत्या, तर तें कायमचें नाहींसें झालें असतें. यास्तव जुनीं पुस्तकें नव्यानें बांधवितांना समास कापूं देऊं नये, व अनोळखी हाताच्या खुणा पुसूं नयेत. छापील मजकूर इतर प्रतींत सांपडेल. समासांतील नोंद त्या एकाच प्रतींत असते.