दीर्घकालीन फुफ्फुसविकारांतील प्रतिकारपेशींची भूमिका

वर्षानुवर्षे टिकणाऱ्या आणि श्वसनक्षमता हळूहळू कमी करणाऱ्या विकारांना दीर्घकालीन फुफ्फुसविकार म्हणतात. सीओपीडी या नावाने ओळखला जाणारा श्वसनमार्ग अडथळा रोग, दमा आणि सिलिकोसिस ही त्यांची प्रमुख उदाहरणे होत. धूर, धूळ किंवा जंतुसंसर्ग यांमुळे या विकारांची सुरुवात होते. मात्र फुफ्फुसाची प्रत्यक्ष हानी बऱ्याच अंशी शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारपेशींकडून होते. संरक्षणासाठी असलेली यंत्रणा दीर्घकाळ चेतवली गेल्यास ज्या ऊतींचे रक्षण करावयाचे त्यांचीच ती झीज घडवून आणते. या लेखात मुख्यतः सीओपीडीच्या संदर्भात या पेशींचे कार्य दिले आहे.

निरोगी फुफ्फुसातील संरक्षण

प्रौढ माणसाच्या फुफ्फुसांत कोट्यवधी वायुकोश असतात. त्यांच्या भिंती अत्यंत पातळ असल्यामुळे प्राणवायू रक्तात सहज मिसळतो. मोठे धूलिकण नाकात आणि श्वासनलिकांतील श्लेष्म्यात अडकतात व सूक्ष्म केसलांच्या हालचालीने बाहेर ढकलले जातात. त्यातून निसटलेले कण वायुकोशांत पोहोचतात. तेथे पहारा देणाऱ्या महाभक्षी पेशी त्यांना गिळून टाकतात. पेशींच्या या भक्षणक्रियेचा शोध रशियन शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉव्ह यांनी १८८२ मध्ये लावला. त्यांना १९०८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक पॉल एर्लिख यांच्यासमवेत विभागून मिळाले.

हानी करणाऱ्या प्रमुख पेशी

महाभक्षी पेशी : सीओपीडीच्या रुग्णांच्या फुफ्फुसांत या पेशींची संख्या ५ ते १० पटींनी वाढलेली आढळते. धुरामुळे चेतवलेल्या या पेशी अनेक रासायनिक संदेशवाहक स्रवतात व रक्तातील इतर श्वेतपेशींना फुफ्फुसात बोलावून घेतात. त्या प्रथिने विघटित करणारी विकरेही सोडतात. संख्या वाढली तरी त्यांची कार्यक्षमता मात्र घटते. जंतू आणि मृत पेशी उचलण्याचे काम मंदावते, म्हणून अशा रुग्णांना वारंवार जंतुसंसर्ग होतो.

न्यूट्रोफिल : या अल्पायुषी श्वेतपेशी जंतुसंसर्गाच्या ठिकाणी सर्वांत आधी धावून जातात. त्यांच्यातील इलॅस्टेज हे विकर जंतूंचा नाश करते. तेच विकर वायुकोशांना लवचिकता देणारे इलॅस्टिन हे प्रथिनही तोडते आणि श्लेष्म्याचे प्रमाण वाढवते. वायुकोशांच्या भिंती फाटून त्यांच्या मोठ्या पोकळ्या बनतात, या अवस्थेस एम्फिसीमा म्हणतात. इलॅस्टेजला आवर घालणारे अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे प्रथिन यकृतात तयार होते. हे प्रथिन जन्मतः कमी असणाऱ्यांना एम्फिसीमा होतो, असे स्वीडनमधील लॉरेल आणि एरिकसन यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले. या निरीक्षणातूनच विघटन करणारी विकरे आणि त्यांना रोखणारी प्रथिने यांच्यातील समतोलाची संकल्पना पुढे आली. तंबाखूच्या धुरातील घटक हे रक्षक प्रथिन निष्प्रभ करतात, त्यामुळे समतोल आणखी ढळतो.

लसीकापेशी : सीडी-८ प्रकारच्या टी लसीकापेशी विषाणूबाधित पेशी मारतात. सीओपीडीमध्ये त्यांची संख्या वाढते आणि वायुकोशांच्या पेशीही त्यांच्या माऱ्यात सापडतात, असे मानले जाते. कॅनडातील जेम्स हॉग व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रोग वाढत जातो तसे सूक्ष्म श्वासनलिकांच्या भिंतींत बी लसीकापेशींचे पुंजके अधिकाधिक आढळतात, असे दिसून आले.

इओसिनोफिल : या पेशींचा संबंध प्रामुख्याने दम्याशी असला, तरी सीओपीडीच्या काही रुग्णांतही त्या वाढलेल्या असतात. रक्ताच्या साध्या तपासणीतून त्यांची संख्या कळते.

धूर थांबल्यानंतरही रोग का टिकतो

धूम्रपान सोडल्यावर फुफ्फुसक्षमता घटण्याचा वेग कमी होतो. म्हणून कोणत्याही वयात ते सोडणे हितकारक ठरते. तरीही पुष्कळ रुग्णांच्या श्वासनलिकांतील दाह पूर्णपणे शमत नाही. मृत पेशी वेळेवर न उचलल्या गेल्याने त्यांतील विकरे बाहेर पडतात व दाह चालू राहतो. लसीकापेशींचे पुंजके टिकून राहतात. वारंवारच्या संसर्गाने न्यूट्रोफिल पुन्हा पुन्हा ओढले जातात. फाटलेले वायुकोश पूर्ववत होत नाहीत, त्यामुळे रोग लवकर ओळखण्यास विशेष महत्त्व आहे.

भारत व महाराष्ट्र

'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतातील सीओपीडीच्या रुग्णांची संख्या १९९० मध्ये २.८१ कोटी होती, ती २०१६ मध्ये ५.५३ कोटी झाली. हा केवळ विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा रोग आहे, ही समजूत दूर करण्यात पुण्यातील संशोधनाचा वाटा आहे. चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांतील सीओपीडीचा आढावा घेतला. सरपण, गोवऱ्या आणि पिकांचे अवशेष जाळल्याने होणारा धूर, कामाच्या ठिकाणची धूळ व वायू, तसेच पूर्वी झालेला क्षयरोग ही कारणे त्यांनी पुढे मांडली. चुलीपाशी बसून फुंकणीने जाळ करणाऱ्या स्त्रिया आणि त्यांच्याजवळ असणारी मुले यांच्या श्वासात हा धूर रोज जातो. तंबाखूच्या धुरात वायुकोशांची झीज अधिक होते. चुलीच्या धुरात सूक्ष्म श्वासनलिकांभोवती तंतुमय ऊती वाढून त्या अरुंद होण्याचे प्रमाण जास्त असते.

धुळीचा प्रकार बदलला की प्रतिकारपेशींचे वर्तनही बदलते. दगडखाणी, दगड फोडण्याचे कारखाने व ओतशाळा येथील सिलिकाचे स्फटिक महाभक्षी पेशी गिळते, पण पचवू शकत नाही. ती पेशी मरते, स्फटिक मोकळा होतो आणि दुसरी पेशी तो गिळते. या चक्रातून फुफ्फुसात व्रणासारख्या कठीण गाठी तयार होतात. हाच सिलिकोसिस होय. दुबळ्या झालेल्या महाभक्षी पेशींमुळे अशा कामगारांना क्षयरोगाचा धोकाही वाढतो. कापूस पिंजण्याच्या व कातण्याच्या खात्यांतील धुळीत जिवाणूंचे विषारी अंश असतात. त्यांनी या पेशी चेतवल्या जाऊन बिसिनोसिस होतो. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळून येणे हे त्याचे लक्षण आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगारांमध्ये हा विकार आढळला होता.

पालघर जिल्ह्यात असे अनेक स्रोत जवळजवळ आहेत. बोईसरजवळच्या तारापूर औद्योगिक वसाहतीत रसायने, कापड आणि पोलाद यांचे कारखाने आहेत, तर लगतच्या सरावलीसारख्या गावांत कामगारवस्ती आहे. जिल्ह्याच्या आदिवासी पाड्यांवर सरपणाची चूल पेटते आणि तेथील अनेक कुटुंबे हंगामात वीटभट्ट्यांवर जातात. एकाच व्यक्तीला घरी धूर आणि कामावर धूळ असा दुहेरी संपर्क घडू शकतो. म्हणून दीर्घकाळ खोकला असणाऱ्या रुग्णाला केवळ विडी-सिगारेटविषयी न विचारता त्याचे काम आणि घरातील इंधन यांविषयीही विचारणे आवश्यक ठरते.

निदान व उपचार

स्पायरोमेट्री या फुंकण्याच्या चाचणीने निदान होते. श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यानंतर, जोराने सोडलेल्या एकूण हवेपैकी पहिल्या सेकंदात बाहेर पडणाऱ्या हवेचे गुणोत्तर ०.७० पेक्षा कमी असल्यास मार्गात अडथळा आहे असे मानतात.

श्वासावाटे घेण्याचे स्टिरॉइड इओसिनोफिलजन्य दाहावर चांगले काम करते, न्यूट्रोफिलजन्य दाहावर मात्र त्याचा परिणाम अल्प असतो. त्यामुळे दम्याचे औषध सीओपीडीत तितकेच गुणकारी ठरत नाही. रक्ताच्या एका मायक्रोलीटरमध्ये इओसिनोफिलची संख्या ३०० किंवा अधिक असल्यास स्टिरॉइडचा लाभ संभवतो, १०० पेक्षा कमी असल्यास तो संभवत नाही. इओसिनोफिल वाढलेल्या सीओपीडी रुग्णांसाठी डुपिलुमॅब या जैविक औषधास २०२४ मध्ये युरोप व अमेरिकेत मान्यता मिळाली.

प्रतिबंध

प्रतिकारपेशींना चेतवणारे कारण दूर ठेवणे हाच सर्वांत परिणामकारक उपाय आहे. धूम्रपान सोडणे, स्वयंपाकघरात धूर बाहेर जाण्याची सोय करणे, स्वच्छ इंधन वापरणे, कारखान्यांत पाणी मारून किंवा शोषकयंत्राने धूळ जागीच रोखणे आणि इन्फ्लुएंझा व न्यूमोकोकस यांविरुद्ध लस घेणे, हे त्यातील प्रमुख मार्ग होत. केंद्र शासनाने २०१६ मध्ये सुरू केलेल्या उज्ज्वला योजनेतून गरीब कुटुंबांतील स्त्रियांच्या नावे स्वयंपाकाच्या गॅसची जोडणी दिली जाते. मात्र रिकामा सिलिंडर भरून घेणे परवडले नाही, तर चूल पुन्हा पेटते आणि फुफ्फुसाचा धुराशी संबंध कायम राहतो.