यष्टीमागची चाकरी

गुणी माणसाच्या योगक्षेमाचा भार कोणी वाहावा, हा प्रश्न ग्वाल्हेरला नवा नाही. खयालगायनाची जी परंपरा या नगरीच्या नावाने ओळखली जाते, ती शिंदे दरबाराच्या आश्रयाने वाढली. क्रिकेटलाही संस्थानी आश्रयाचा काळ लाभला होता. इंदूरच्या होळकरांनी सी. के. नायडू, मुश्ताक अली यांसारखे खेळाडू पदरी बाळगले आणि त्यांच्या संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला. ग्वाल्हेरचा संघ मात्र १९४३-४४ साली त्या स्पर्धेत एकच सामना खेळून थांबला. पुढे संस्थाने विलीन झाली आणि आश्रयही आटला. १९५४-५५ नंतर होळकर संघाचे नाव स्पर्धेतून नाहीसे झाले.

ज्यांना दरबार नव्हता त्यांनी नोकरी धरली. १९०९ साली रत्नागिरीत जन्मलेले यष्टिरक्षक दत्ताराम हिंदळेकर हे आपल्या कोकणचे. मुंबईच्या पोर्ट ट्रस्टमधील नोकरी सांभाळून ते १९३६ व १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यांवर गेले. १९४६ साली मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर नऊ गडी बाद झाले असता, त्यांनी व रंगा सोहोनी यांनी अखेरची तेरा मिनिटे खेळून काढली आणि भारताचा पराभव टळला. ३० मार्च १९४९ रोजी हिंदळेकर मुंबईत वारले. वय अवघे चाळीस. अखेरच्या आजारात त्यांच्यावर पुरेसे उपचार झाले नाहीत, ही खंत त्यांच्याविषयी लिहिणाऱ्यांनी नोंदविली आहे.

इंग्लंडात तिसरी वाट होती. तेथील काउंटी, म्हणजे परगण्याचा क्लब, खेळाडूस हंगामाच्या वेतनावर करारबद्ध करी. अर्थात तेथेही वर्णभेदासारखा एक भेद होताच. हौशी ‘जंटलमन’ आणि पोटासाठी खेळणारा ‘प्लेअर’ यांची नावेसुद्धा धावफलकावर निरनिराळ्या रीतीने छापली जात. हा भेद १९६२ च्या अखेरीस रद्द झाला. १९६८ च्या हंगामापासून परदेशी खेळाडूस निवासाची अट न घालता घेण्याची मुभा काउंट्यांना मिळाली, आणि त्याच वर्षी मुंबईचे फरुख इंजिनियर लँकशायरचे यष्टिरक्षक झाले. त्यांचे घरचे मैदान म्हणजे तेच ओल्ड ट्रॅफर्ड.

त्यांची तेथील कारकीर्द १९७६ पर्यंत चालली. या अवधीत लँकशायरने रविवारची लीग स्पर्धा १९६९ व १९७० साली, आणि जिलेट करंडक १९७०, १९७१, १९७२ व १९७५ असा चार वेळा जिंकला. काउंटीसाठी १७५ प्रथम श्रेणीच्या सामन्यांत इंजिनियर यांनी ४२९ झेल घेतले व ३५ फलंदाजांना यष्टिचीत केले. भारताकडून ४६ कसोटी सामन्यांत हेच आकडे ६६ व १६ असे आहेत. भारताकडून चार झेलांमागे एक यष्टिचीत, तर काउंटीसाठी बारा झेलांमागे एक. हा फरक बोलका आहे. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर यांच्या फिरकीपुढे यष्टीला चिकटून बसणाऱ्या माणसाला ओलसर खेळपट्टीवर, द्रुतगती गोलंदाजांपासून दूर उभे राहून आपली विद्या नव्याने घडवावी लागली. चाकरीत मन रमणे पुरत नाही. रोज सकाळी दुखऱ्या बोटांनिशी मैदानावर हजर राहावे लागते.

या चाकरीची किंमतही होती. देशांतर्गत स्पर्धा न खेळल्यामुळे १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यास ते मुकले. त्याच वर्षी ओव्हलवर भारताने इंग्लंडमध्ये पहिला कसोटी विजय मिळविला, तेव्हा मात्र त्यांच्या ५९ व नाबाद २८ धावा कामी आल्या.

काउंटीचा करार हंगामापुरता. म्हातारपणाची तरतूद ‘बेनिफिट’ नावाच्या प्रथेवर सोपविलेली. दीर्घ सेवा केलेल्या खेळाडूस एका सामन्याचे वा एका वर्षाच्या कार्यक्रमांचे उत्पन्न मिळे. १९७६ साली इंजिनियर यांनाही हा लाभ देण्यात आला. या प्रथेचे स्वरूप एका खटल्यात स्पष्ट झाले आहे. केंटचे व्यावसायिक फलंदाज जेम्स सेमूर यांच्या १९२० च्या सामन्याच्या ९३९ पौंड उत्पन्नावर प्राप्तिकर मागण्यात आला. १९२७ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निर्णय दिला की ही रक्कम वेतन नसून वैयक्तिक देणगी आहे, सबब करपात्र नाही. सेमूर जिंकले, परंतु या न्यायाची दुसरी बाजू विचार करण्याजोगी आहे. जी देणगी, ती हक्काने मागता येत नाही. म्हणजे काउंटीच्या चाकराचे उतारवयही अखेर कृपेवरच अवलंबून. फरक इतकाच की येथे राजाच्या जागी तिकीट काढणारी प्रजा होती.

भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने माजी कसोटीपटूंसाठी निवृत्तिवेतन योजना आणली ती २००४ साली, हिंदळेकरांच्या मृत्यूनंतर पंचावन्न वर्षांनी. जुलै २०२५ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डच्या एका प्रेक्षागृहाला क्लाइव्ह लॉइड व फरुख इंजिनियर यांची नावे देण्यात आली. हा सन्मान यथायोग्यच आहे. परंतु त्याच मैदानावर तेरा मिनिटे किल्ला लढविणाऱ्या रत्नागिरीच्या यष्टिरक्षकाला सन्मानाआधी औषधपाण्याची गरज होती, आणि ते मागण्याचा हक्क देणारा कागद त्यांच्यापाशी नव्हता.