भविष्यवाणी आणि इतिहास : दानियालच्या ग्रंथाच्या निमित्ताने

'जगाचा अंत जवळ आला' ही बातमी दर काही वर्षांनी आपल्या गावात, मोहल्ल्यात येऊन पोहोचते. पूर्वी ती छापील पत्रकावर येत असे, आता मोबाइलवर येते. अमेरिकेतील हॅरॉल्ड कॅम्पिंग या ख्रिस्ती प्रवचनकाराने बायबलमधील आकड्यांचा हिशेब मांडून २१ मे २०११ हा निवाड्याचा दिवस म्हणून जाहीर केला होता. पुढच्याच वर्षी २१ डिसेंबर २०१२ या तारखेची आवई उठली आणि तिने शाळकरी मुलांचीही झोप उडविली. दोन्ही दिवस इतर दिवसांसारखेच उगवले आणि मावळले. परंतु अशा वेळी वर्गातील एखादा मुलगा विचारतो, "सर, मग अभ्यास तरी कशाला करायचा?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. भविष्यवाणी म्हणजे काय आणि ती वाचावी कशी, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

प्रस्तुत लेखात बायबलमधील एकाच ग्रंथाचा, दानियालच्या ग्रंथाचा, प्राचीन इतिहासाच्या प्रकाशात विचार करावयाचा आहे. इतरांच्या धर्मग्रंथाचा अभ्यास आपण का करावा, असे कोणी विचारील. सर सय्यद अहमद खान यांनी १८६२ मध्ये बायबलवरील आपल्या भाष्याचा पहिला भाग प्रसिद्ध केला, हे येथे आठवावे. दुसऱ्याचा ग्रंथ अदबीने वाचण्याची परंपरा आपल्याकडे आहे. शिवाय हजरत दानियाल (अ. स.) यांचे नाव कुरआन शरीफमध्ये आलेले नसले तरी मुस्लिम परंपरा त्यांना पैगंबर मानते आणि इराणमधील शूश येथे त्यांच्या नावाची मजार आजही आहे.

ग्रंथाची ओळख

हिब्रू बायबलमध्ये या ग्रंथाची बारा प्रकरणे आहेत. त्यांतील काही भाग हिब्रू भाषेत, तर मधला मोठा भाग अरामी भाषेत आहे. कथेचा काळ इ.स.पू. सहाव्या शतकाचा. बाबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर याने जेरुसलेम जिंकून यहुद्यांना कैद करून नेले. त्या कैद्यांत तरुण दानियाल होते. राजाला स्वप्नात एक प्रचंड पुतळा दिसतो. त्याचे डोके सोन्याचे, छाती व हात रुप्याचे, पोट व मांड्या पितळेच्या, पाय लोखंडाचे आणि पावले लोखंड व माती यांच्या मिश्रणाची. एक दगड येऊन तो पुतळा चूर्ण करतो. दानियाल सांगतात की, ही एकामागून एक येणारी राज्ये आहेत आणि सोन्याचे डोके म्हणजे खुद्द नबुखद्नेस्सर होय. उरलेली राज्ये कोणती, या प्रश्नावर गेली दोन हजार वर्षे वाद चालू आहे.

एडका आणि बकरा

आठव्या प्रकरणात मात्र ग्रंथच उत्तर देतो. दानियाल यांना शूश नगरीजवळ दोन शिंगांचा एडका दिसतो. त्याचे एक शिंग दुसऱ्यापेक्षा उंच असून ते मागाहून उगवलेले असते. पश्चिमेकडून एकशिंगी बकरा धावत येतो आणि एडक्याला तुडवितो. मग त्याचे मोठे शिंग मोडते व त्या जागी चार शिंगे येतात. हजरत जिब्रईल अर्थ सांगतात : एडका म्हणजे मेदी व पारसी राजे, बकरा म्हणजे यूनानचा राजा.

आता इतिहास पाहा. मेद लोकांचे राज्य आधीचे. इराणी सम्राट कुरुश, ज्याला मराठी बायबलात कोरेश म्हटले आहे, याने ते आपल्या राज्यात मिळविले आणि इ.स.पू. ५३९ मध्ये बाबिलोन घेतले. मागाहून उगवलेले उंच शिंग ते हेच. पुढे सिकंदराने इराणी साम्राज्य मोडले आणि इ.स.पू. ३२३ मध्ये बाबिलोन येथे ऐन तेहेतिसाव्या वर्षाच्या आत तो मरण पावला. त्याच्या सरदारांनी राज्य वाटून घेतले. मोडलेले शिंग व त्या जागची चार शिंगे यांचा अर्थ येथे आपोआप उलगडतो.

या एडक्याचा आपल्याशी एक जवळचा संबंध आहे. मौलाना अबुल कलाम आझाद यांनी 'तर्जुमानुल कुरआन'मध्ये सूरह कहफमधील जुलकरनैन, म्हणजे 'दोन शिंगांचा', हा कुरुशच होय असे मत मांडले. त्यासाठी त्यांनी दानियालच्या या दृश्याचा आणि इराणमधील पसरगाद येथील शिल्पाचा आधार घेतला. त्या शिल्पातील आकृतीच्या मुकुटाला शिंगे आहेत. अनेक जुने मुफस्सिर सिकंदरालाच जुलकरनैन मानीत आणि मौलानांचे मत सर्वांनी स्वीकारले असे नाही. पण त्यांची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. ग्रंथ, शिलालेख आणि शिल्प एकत्र ठेवून त्यांनी अर्थ शोधला.

पुरातत्त्वाने दानियालच्या वाचकांना एक धडाही दिला आहे. बेलशस्सर राजाचे नाव यूनानी इतिहासकारांकडे नव्हते, म्हणून तो कल्पित असावा असे काही विद्वान म्हणत. १८५४ मध्ये इराकमधील ऊर येथे मातीच्या कीलाकार लेखांत तो नाबोनिदस राजाचा मुलगा म्हणून सापडला. नास्तीचा निष्कर्ष घाईने काढणारे खोटे ठरले. मात्र दानियालच्या ग्रंथात तो नबुखद्नेस्सरचा मुलगा म्हटला आहे, आणि बाबिलोन घेणारा 'मेदी दारयावेश' अद्याप कोणत्याही समकालीन लेखात मिळालेला नाही. पुरावा दोन्ही बाजूंना बोलतो. प्रामाणिक विद्यार्थ्याने दोन्ही बाजू लिहून ठेवाव्यात.

वाळूतील वर्तुळ

चार शिंगांतील एकातून एक लहान शिंग फुटते आणि पवित्र स्थानावर हल्ला करते. हे शिंग म्हणजे सिरियाचा सेल्युकीड राजा चौथा अँटिओकस (इ.स.पू. १७५ ते १६४). आपल्या नाण्यांवर तो स्वतःला 'प्रकट झालेला देव' म्हणवीत असे. त्याच्याविषयीचे वर्णन अकराव्या प्रकरणात इतके तपशीलवार आहे की, उत्तरेचा राजा म्हणजे सेल्युकीड व दक्षिणेचा राजा म्हणजे इजिप्तचा टॉलेमी, एवढे कळले की इतिहासाचे पुस्तक शेजारी ठेवून ओळीमागून ओळ जुळविता येते.

एकच प्रसंग सांगतो. इ.स.पू. १६८ मध्ये अँटिओकस इजिप्त जिंकीत अलेक्झांड्रियाजवळ पोहोचला. तेथे रोमचा वकील पॉपिलियस लेनास त्याला भेटला आणि त्याने सिनेटचे पत्र हाती दिले : इजिप्त सोडून जा. राजा म्हणाला, सल्लागारांशी बोलून सांगतो. पॉपिलियसने हातातील काठीने राजाभोवती वाळूत वर्तुळ काढले आणि म्हटले, या रेषेबाहेर पाऊल टाकण्यापूर्वी उत्तर द्या. राजाला मान तुकवावी लागली. दानियालच्या ग्रंथात येते की, पश्चिमेकडील जहाजे त्याच्यावर येतील, तो खचून परतेल आणि पवित्र कराराविरुद्ध आपला संताप काढील.

घडलेही तसेच. अँटिओकसने यहुद्यांची सुंता, शब्बाथ आणि धर्मग्रंथ यांवर बंदी घातली. इ.स.पू. १६७ च्या डिसेंबरात जेरुसलेमच्या मंदिरातील वेदीवर मूर्तिपूजकांचे बलिदान झाले. ज्यांनी धर्म सोडला नाही त्यांना ठार मारण्यात आले. तीन वर्षांनी, इ.स.पू. १६४ मध्ये, यहुदा मक्काबी याने मंदिर परत घेऊन शुद्ध केले. हनुक्का हा यहुद्यांचा सण त्याचीच आठवण होय.

दोन मते

हे वर्णन इतके अचूक कसे? ख्रिस्ती व यहुदी श्रद्धेची परंपरा सांगते की, अल्लाहने आपल्या भक्ताला चारशे वर्षे आधी दाखविले. तिसऱ्या शतकात पॉर्फिरी नावाच्या तत्त्वज्ञाने उलट मत मांडले. हा ग्रंथ अँटिओकसच्याच काळात, छळाखाली दबलेल्या लोकांना धीर देण्यासाठी लिहिला गेला, असे तो म्हणतो. बहुसंख्य आधुनिक इतिहासकार आज याच मताचे आहेत. त्यांचा एक मुद्दा असा की, अकराव्या प्रकरणाच्या शेवटी त्या राजाचा मृत्यू समुद्र व पवित्र पर्वत यांच्यामध्ये होईल असे सुचविले आहे, आणि अँटिओकस तर दूर इराणकडे मेला. श्रद्धावंत अभ्यासक उत्तर देतात की, त्या ओळी अजून यावयाच्या काळाविषयी आहेत. मृत समुद्राजवळील कुमरान येथे १९४७ पासून सापडलेल्या हस्तलिखितांत या ग्रंथाच्या आठ प्रतींचे तुकडे आहेत. त्यांतील सर्वांत जुनी प्रत इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीची मानतात. म्हणजे ग्रंथ त्यापूर्वीचा, एवढे निश्चित.

येथे एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. पॉर्फिरीचा ग्रंथ सम्राटांच्या हुकमाने जाळण्यात आला. तरीही त्याचे म्हणणे आपल्याला ठाऊक आहे, ते जेरोम या ख्रिस्ती संतामुळे. पाचव्या शतकाच्या आरंभी त्याने दानियालवर भाष्य लिहिले आणि विरोधकाचे खंडन करण्यासाठी त्याचे मत आधी नोंदवून ठेवले. मतभेदाचा हा अदब आपण शिकण्यासारखा आहे.

लहान शिंग कोणाचे?

अँटिओकस गेला, पण लहान शिंग राहिले. रोमने इ.स. ७० मध्ये जेरुसलेमचे मंदिर पाडले, तेव्हा चौथे राज्य म्हणजे रोम असा अर्थ रूढ झाला. पुढे मार्टिन ल्यूथरने १५३० मध्ये सातव्या प्रकरणातील लहान शिंग तुर्कांना लावले, कारण आदल्याच वर्षी उस्मानी फौजा व्हिएन्नाच्या तटापर्यंत आल्या होत्या. अनेक प्रॉटेस्टंटांनी ते पोपला लावले. १६६१ च्या जानेवारीत लंडनमध्ये, मानवी राज्ये संपून पाचवे दैवी राज्य यावे म्हणून, एका गटाने तलवारी उपसल्या. त्यांचा नेता थॉमस व्हेनर फासावर गेला. प्रत्येक पिढीने आपल्या शत्रूचा चेहरा त्या शिंगावर बसविला. भविष्यवाणीचा असा उपयोग सुरू झाला की शेजारी माणूस राहत नाही, तो 'भाकितातला दुष्ट' बनतो. हा धोका कोणत्याही एका धर्माच्या लोकांपुरता नाही.

दुसरा मोह आकड्यांचा. अक्षरांना अंक देऊन बेरीज करण्याची अबजद पद्धत आपल्या परिचयाची आहे. दानियालच्या ग्रंथातील दिवसांचे आकडे अशाच बेरजांनी सिद्ध करणाऱ्यांची अल्-बेरूनीने इ.स. १००० च्या सुमारास 'आसारुल बाकिया' या ग्रंथात झडती घेतली. अशा बेरजेने हवे ते सिद्ध करता येते, म्हणून तो पुरावा नव्हे, असा त्याचा रोख आहे. त्यानंतर आठ शतकांनी अमेरिकेत विल्यम मिलर या शेतकऱ्याने ग्रंथातील २,३०० दिवस म्हणजे २,३०० वर्षे असे धरले आणि इ.स.पू. ४५७ पासून मोजणी केली. शून्य वर्ष नसल्याने ४५७ आणि १८४४ यांच्या बेरजेतून एक वजा केला की बरोबर २,३०० येतात. गणित चुकलेले नव्हते, गृहीत धरलेले चुकले होते. त्याच्या अनुयायांनी शेवटी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस ठरविला. काहींनी शेतातले पीकही काढले नाही. ती रात्र सरली, सूर्य उगवला आणि हजारो माणसे ओक्साबोक्शी रडली. त्यांच्यातूनच पुढे सेव्हन्थ डे अॅडव्हेंटिस्ट हा पंथ निघाला. त्याने तारखा ठरविणे सोडले, शाळा व रुग्णालये काढली. पुण्यातील स्पायसर ही शिक्षणसंस्था त्याच पंथाची होय.

कोकणचा किनारा

ही सर्व दूरदेशची कथा वाटेल, परंतु तिचा एक धागा आपल्या किनाऱ्याला लागला आहे. कोकणातील बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते की, त्यांचे पूर्वज अँटिओकसच्या जुलमामुळे देश सोडून निघाले, अलिबागजवळ नवगाव येथे त्यांचे जहाज फुटले आणि सात जोडपी वाचली. तेलाचे घाणे चालवून शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. हनुक्का हा सण त्यांना परंपरेने ठाऊक नव्हता, म्हणून मंदिर परत मिळण्यापूर्वीच ते निघाले असावेत, असा तर्क करतात. याला समकालीन लेखी पुरावा नाही, ही परंपरा आहे आणि ती परंपरा म्हणूनच सांगावी. तरी ती ऐकली म्हणजे एडका, बकरा आणि शिंगे यांच्या आड जिवंत माणसे होती, घर सोडून निघालेली कुटुंबे होती, हे जाणवते. त्यांच्यासाठी हा ग्रंथ तारखांचे कोष्टक नव्हता. जुलमी राज्य कितीही मोठे असले तरी त्याची मुदत ठरलेली आहे, एवढा धीर त्यात होता.

शेवटी

वाचकहो, भविष्यवाणी हाती आली की तीन प्रश्न विचारावेत. ती प्रथम कोणासाठी सांगितली गेली? त्या वेळी कोणाचे राज्य होते? आणि आज ती सांगणाऱ्याला तिच्यातून काय साधावयाचे आहे? शेवटच्या घडीची वेळ अल्लाहवाचून कोणालाही ठाऊक नाही, असे कुरआन शरीफ पुन्हा पुन्हा सांगते. तो दिवस व ती घटका कोणालाही ठाऊक नाही, असे हजरत ईसा (अ. स.) यांचे म्हणणे इंजीलमध्येही नोंदलेले आहे. दोन्ही ग्रंथ जेथे हिशेब बंद करतात, तेथे आपण पाटी-पेन्सिल घेऊन बसू नये. ती पाटी-पेन्सिल मुलांच्या हाती द्यावी, त्यांना इतिहास शिकवावा, आणि शेजाऱ्याच्या ग्रंथाचे नाव आदराने घेण्याची सवय घरातूनच लावावी. आपल्या शिक्षणसंस्थांचे काम याहून वेगळे ते काय?