वाळूतील तंटा आणि बामाकोची मसलत

इस्लीच्या लढाईत मोरोक्कोच्या फौजेचा पराभव केल्यावर फ्रेंचांनी १८ मार्च १८४५ रोजी लल्ला मग्निया येथे जो तहनामा करून घेतला, त्यात मोरोक्को व फ्रेंच अंमलाखालील अल्जीरिया यांच्यामधील, भूमध्य समुद्रापासून तेनिएत-एस-सासीपर्यंतची हद्द तेवढी रेखली गेली. त्याखाली कोणत्या टोळ्या व कोणती तटबंदीची खेडी कोणाच्या अंमलाखाली एवढीच याद दिली गेली. आणि त्याही पलीकडच्या मुलखात पाणी नाही, वस्ती शक्य नाही, सबब तेथे हद्द आखण्याचे प्रयोजन नाही, असे सहाव्या कलमात नमूद करून उभयपक्षांचे वकील मोकळे झाले. दस्तऐवजातील इतका निष्काळजी निर्वाळा पुढे इतका महाग पडल्याची उदाहरणे विरळा.

तिंदूफच्या आसमंतात लोहखनिजाचे प्रचंड साठे सापडले आणि त्या ओसाड मुलखाला मोल आले. मोरोक्कोचे राजे हसन दुसरे यांनी १९६१ मध्ये अल्जीरियाच्या हंगामी सरकारचे अध्यक्ष फरहात अब्बास यांच्याकडून, स्वातंत्र्यानंतर सीमेचा प्रश्न वाटाघाटींनी सोडवू, असा करार मिळविला होता. पण १९६२ मध्ये स्वतंत्र अल्जीरियात सत्तेवर आलेल्या बेन बेल्ला यांना तो मानवला नाही, आणि ऑक्टोबर १९६३ मध्ये, जेथे पाणीच नाही असे तहनामा सांगत होता त्याच वाळवंटात, हासी बैदा व तिंजूब येथील विहिरींच्या ठाण्यांसाठी रक्त सांडले.

इजिप्त व क्यूबा अल्जीरियाच्या मदतीस धावले. साहजिकच, इजिप्तचे वर्चस्व असलेल्या अरब लीगची मध्यस्थी मोरोक्कोने झिडकारली. मोरोक्कोचा कल संयुक्त राष्ट्रांकडे, तर अल्जीरियाचा आफ्रिकी ऐक्य संघटनेकडे. ही संघटना २५ मे १९६३ रोजी आदिस अबाबात जन्मलेली, म्हणजे तिचे अद्याप अर्धे वर्षही भरले नव्हते. अशा वेळी इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी आणि मालीचे अध्यक्ष मोदिबो केइता यांनी दोन्ही प्रतिस्पर्ध्यांना २९ व ३० ऑक्टोबरला बामाको येथे समोरासमोर बसविले. शस्त्रसंधी ठरली, निर्लष्करी पट्टा आखण्यासाठी वादी पक्षांबरोबर इथिओपिया व माली यांचेही लष्करी अधिकारी नेमण्याचे ठरले, आणि नोव्हेंबरात आदिस अबाबा येथे भरलेल्या परराष्ट्रमंत्र्यांच्या बैठकीने सात राष्ट्रांची समिती नेमून आगळीक कोणाची याची चौकशी तिच्या स्वाधीन केली.

समितीच्या बैठकांमागून बैठका झाल्या, कैफियती ऐकल्या गेल्या, आणि निवाडा मात्र कधीच बाहेर पडला नाही. वरवर पाहता ही नामुष्की. परंतु माझ्या मते या मुत्सद्देगिरीचे खरे शहाणपण याच दिरंगाईत होते, कारण दोषी ठरलेला पक्ष संघटनेतून उठून गेला असता; उलट दोषी न ठरलेल्या पक्षांना फेब्रुवारी १९६४ मध्ये सैन्ये मागे घेण्याचे कबूल करताना मान खाली घालावी लागली नाही. त्याच वर्षी जुलैत संघटनेच्या कैरो येथील परिषदेने, स्वातंत्र्यसमयी वारशाने आलेल्या सीमाच मानाव्यात, असा ठराव केला. मोरोक्कोने तो स्वीकारला नाही.

हा गुंता पुढे या दोघांनीच, परस्पर बोलून, सोडविला. १५ जून १९७२ च्या रबात करारान्वये तिंदूफ अल्जीरियाकडे राहिले. मोरोक्कोने त्यावर मंजुरीची मोहोर उठविली ती अनेक वर्षांनी. आणि १९९४ पासून तीच सरहद्द रहदारीस बंद आहे.