वादळाची भीती आणि किनाऱ्यावरची माणसं

या व्याख्यानमालेत आजवर गडकिल्ले झाले, बंदरं झाली, व्यापार झाला. आज आपण एका वेगळ्याच गोष्टीचा इतिहास बघणार आहोत, आणि ती गोष्ट म्हणजे भीती. तीही सगळी नव्हे, फक्त वादळाची.

वादळाचा इतिहास लिहिताना आपण काय मोजतो? मेलेली माणसं, पडलेली घरं, बुडालेल्या बोटी. भीती कोणी मोजत नाही. पण 2020चं निसर्ग आणि 2021चं तौक्ते ही वादळं येऊन गेल्यापासून किनाऱ्यावर गेलं की एक वाक्य आम्हाला हमखास ऐकू येतं: "आता वारा जरा वाढला की झोप लागत नाही." हे सांगताना माणसं थोडी ओशाळतात. समुद्राकाठी जन्म गेला आणि वाऱ्याला काय घाबरायचं, असं त्यांना स्वतःलाच वाटत असतं. आम्हाला आज एवढंच दाखवायचं आहे की यात ओशाळण्यासारखं काही नाही. किनाऱ्यावरची माणसं नेहमीच घाबरत आली आहेत. त्या भीतीचं त्यांनी काय केलं, तो खरा इतिहास आहे.

सुरुवात कोकणापासून करू. आपल्याकडे समुद्राच्या भीतीवर जुना उपाय होता तो पंचांगाचा. आगोट जवळ आली की होड्या, मचवे, गलबतं वर ओढून घ्यायची, झापांनी शाकारायची. घरात तांदूळ, मीठ, लाकूडफाटा, सुकी मासळी यांची बेगमी करायची. मग पुढे दोन-अडीच महिने समुद्राकडे पाठ. नारळी पौर्णिमेला नारळ द्यायचा आणि पुन्हा होडी पाण्यात घालायची. आपण याला सण म्हणतो, श्रद्धा म्हणतो, ते आहेच. पण व्यवहाराच्या नजरेने पाहिलं तर ही भीतीची वाटणी आहे. वर्षभर घाबरत बसायचं नाही. घाबरायचे दिवस ठरवून टाकायचे आणि त्या दिवसांत समुद्रात जायचंच नाही. आज सरकारी मासेमारी बंदी 1 जून ते 31 जुलै असते. त्यात माशांच्या प्रजननाचा विचार आहे, तसाच खलाशांच्या जिवाचाही आहे.

हा नियम किती शहाणपणाचा होता हे तो मोडावा लागतो तेव्हा कळतं. 17 जुलै 1947 रोजी सकाळी 'रामदास' ही प्रवासी बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. स्वातंत्र्य महिन्यावर आलं होतं, त्या धामधुमीत देशाच्या आठवणीतून ही बोट लवकर पुसली गेली. रेवस-अलिबागकडच्या घरांतून मात्र ती पुसली गेली नाही. आणि लक्षात घ्या, ते चक्रीवादळ नव्हतं. भर पावसाळ्यातला खवळलेला समुद्र होता, ज्याच्यासाठी आपलं जुनं पंचांग 'घरी बसा' असंच सांगत होतं.

आता या पंचांगातली एक फट बघा. अरबी समुद्रातली चक्रीवादळं ऐन पावसाळ्यात फारशी होत नाहीत. ती येतात पावसाळ्याच्या दोन्ही टोकांना, म्हणजे मे-जूनच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात. 1948 साली मुंबईला झोडपणारं वादळ नोव्हेंबरातलं. 2009चं फयान 11 नोव्हेंबरचं. निसर्ग 3 जूनचं, तौक्ते मे महिन्यातलं. म्हणजे होडी पाण्यात असते, हंगाम जोरात असतो, आंबा-सुपारीची कामं चालू असतात, तेव्हाच. शिवाय बंगालच्या उपसागरात साधारण चार वादळं व्हावीत तेव्हा अरबी समुद्रात एक होतं, आणि त्यातलंही बरंचसं ओमान किंवा गुजरातकडे वळतं. त्यामुळे एका पिढीला जे शिकायला मिळतं ते पुढच्या पिढीच्या कामी येईलच असं नाही. कोकणाला पावसाळ्याची भीती सांभाळायची सवय होती. चक्रीवादळाची नव्हती.

ती सवय पूर्वेकडे तयार झाली, म्हणून जरा कलकत्त्याला जाऊ. तिथे हेन्री पिडिंग्टन नावाचे गृहस्थ होते. आधी जहाजावर कप्तान, नंतर सागरी अपघातांची चौकशी करणाऱ्या न्यायालयाचे अध्यक्ष. बुडालेल्या आणि वाचलेल्या जहाजांच्या नोंदवह्या चाळता चाळता त्यांच्या लक्षात आलं की हे वारे सरळ वाहत नाहीत, सापाच्या वेटोळ्यासारखे फिरतात. 'सायक्लोन' हा शब्द त्यांनीच ग्रीकमधून घडवला. आपल्या 'चक्रीवादळ' या शब्दातही तीच फिरण्याची कल्पना आहे. 1848 साली त्यांनी खलाशांसाठी एक पुस्तक काढलं. त्यासोबत शिंगाच्या पातळ, पारदर्शक चकत्या असत. चकती नकाशावर ठेवायची, वाऱ्याची दिशा जुळवायची आणि वादळाचं केंद्र कुठे आहे ते बघायचं. साधी खूण आहे: आपल्या गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की केंद्र साधारण डाव्या हाताला असतं.

ही चकती आम्हाला फार मोलाची वाटते. तिने वादळ काही थांबत नव्हतं. पण तोवर खलाशापुढे दोनच वाटा होत्या: देवाचं नाव घेणं आणि शिडं उतरवणं. आता तिसरी मिळाली, कुठल्या बाजूला पळायचं ते कळणं. भीती तेवढीच राहिली, पण हाताला काम मिळालं.

याच पिडिंग्टननी 1853 साली गव्हर्नर जनरलना जाहीर पत्र लिहून बजावलं होतं की मातला नदीवर नवं बंदर उभारू नका, वादळाबरोबर समुद्र आत येईल. ऐकलं कोणी नाही. पोर्ट कॅनिंग उभं राहिलं आणि 1867च्या वादळाने त्याची धूळधाण केली. पिडिंग्टन त्याआधीच 1858 साली वारले होते. जाणकाराच्या भीतीला 'उगाच घाबरवतोय' म्हणून बाजूला सारायची रीत काही आजची नाही.

मधल्या काळात, 5 ऑक्टोबर 1864 रोजी, कलकत्त्याला मोठं वादळ झालं होतं. हुगळीतून पाण्याची भिंत आत शिरली. मृतांचा अंदाज साठ हजारांच्या आसपास सांगतात. त्यानंतर लगेच, 1865 साली, कलकत्ता बंदरात वादळाची पूर्वसूचना द्यायची व्यवस्था सुरू झाली. 1875 साली भारतीय हवामान खातं स्थापन झालं. 1880 साली ही व्यवस्था आपल्या किनाऱ्यावर आली. मुंबईबरोबर रत्नागिरी आणि वेंगुर्ल्यातही. 1898 पासून देशभरच्या बंदरांना एकसारख्या खुणा लागू झाल्या.

त्या खुणा म्हणजेच आपला 'बावटा'. "तीन नंबरचा बावटा लागलाय" हे वाक्य किनाऱ्यावर कोणाला समजावून सांगावं लागत नाही. दिवसा डोलकाठीवर शंकू आणि नळकांडी, रात्री लाल-पांढरे दिवे. एक आणि दोन म्हणजे वादळ दूर समुद्रात आहे. तीन-चार म्हणजे बंदरालाच वाऱ्याचा त्रास संभवतो. पाच ते सात धोका, आठ ते दहा महाधोका. आणि एक अकरावा बावटाही आहे, बरं का. त्याचा अर्थ असा की हवामान कचेरीशी आमचा संपर्क तुटला आहे, आणि इथल्या अधिकाऱ्याला धोका दिसतो आहे. म्हणजे बातमी येणं थांबलं तर ती शांततेची खूण मानू नका, हे नियमातच लिहून ठेवलंय. शंभरावर वर्षांपूर्वीच्या माणसांनी केवढा विचार केला होता बघा.

इथे एका खोट्या वादळाबद्दल सांगायला हवं, कारण भीतीच्या इतिहासात तेही येतं. 1882च्या जूनमध्ये मुंबईत चक्रीवादळ होऊन एक लाख माणसं मेली, असं अनेक पुस्तकांत आणि याद्यांत छापलेलं आढळतं. आता विचार करा. कुलाब्याची वेधशाळा 1826 पासूनची. मुंबईत तेव्हा इंग्रजी, मराठी, गुजराती वर्तमानपत्रं निघत होती. एक लाख माणसं मरतात आणि कुठेच नोंद नाही? अभ्यासकांनी तपासून पाहिलं, तेव्हा असं वादळ झाल्याचा पुरावाच मिळाला नाही. एकाचं वाचून दुसऱ्याने लिहिलं, दुसऱ्याचं वाचून तिसऱ्याने. आज मोबाइलवर जुन्या चित्रफिती नव्या वादळाच्या म्हणून फिरतात, त्याची ही आजी म्हणायची. खरी भीती माणसाला दोरखंड शोधायला लावते. खोटी भीती नुसतीच मोबाइल बघत बसवते.

आता विश्वासाकडे येऊ, कारण सूचना असून भागत नाही. 1970च्या नोव्हेंबरात तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात भोला वादळात किमान तीन लाख माणसं गेली. वादळ येतंय हे माहीत होतं, पण ते बेटांवरच्या माणसांपर्यंत त्यांना कळेल अशा भाषेत पोहोचलं नाही. स्वतंत्र बांगलादेशने 1972 साली गावातल्याच स्वयंसेवकांची फळी उभारायला घेतली. रेडिओवरच्या अनोळखी आवाजापेक्षा शेजारचा माणूस कर्णा आणि झेंडा घेऊन दारात आला, तर म्हातारी आजीसुद्धा गाय सोडून निघते. ओडिशाने तेच केलं. 29 ऑक्टोबर 1999च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसं मेली. 2013 साली फायलिन आलं तेव्हा जवळपास दहा लाख लोकांना आधीच हलवलं होतं आणि मृतांचा आकडा दोन अंकी राहिला. मधल्या चौदा वर्षांत ओडिशाचा माणूस शूर झाला असं नाही. भ्यायल्यावर कुठे जायचं हे त्याला कळलं. पक्का निवारा कुठे, चावी कोणाकडे, जनावरांचं काय, हे सगळं आधी ठरलेलं होतं.

आता परत आपल्या किनाऱ्यावर या. 3 जून 2020, दुपारची वेळ. निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात जमिनीवर आलं. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर. आधीच टाळेबंदी, करोनाची भीती, शाळांमधल्या निवाऱ्यात जावं तर गर्दीची भीती. वेळेवर सूचना मिळाल्यामुळे माणसं फार थोडी दगावली. सरकारी हिशेबात हे यश, आणि ते आहेच. पण श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली इथल्या वाड्या आडव्या झाल्या. नारळ-सुपारी लावल्यावर उत्पन्न यायला सहा-सात वर्षं तरी जातात. आजोबांनी लावलेली बाग चार तासांत गेली. कित्येक गावं दिवसच्या दिवस अंधारात होती. फोन बंद, म्हणजे पुन्हा तो अकरावा बावटा.

माणूस वाचला की आपण हिशेब बंद करतो. आत काय राहिलं ते विचारत नाही. पत्र्याचा आवाज आला की दचकणारी मुलं, ढग आले की घराबाहेर न पडणारी बाई, ही त्या वादळाचीच नुकसानी आहे. पंचनाम्यात तिला रकाना नाही, इतकंच.

लगेच पुढच्या वर्षी तौक्ते आलं. सूचना कित्येक दिवस आधी होती. तरीही बॉम्बे हाय तेलक्षेत्रातला पी-305 हा तराफा वेळेत बंदरात परतला नाही आणि सत्तरहून अधिक कामगार बुडाले. तराफ्यावरचा कामगार घाबरलेला असणारच. पण निघायचं की थांबायचं हे ठरवणं त्याच्या हातात नव्हतं. म्हणून आम्ही म्हणतो, 'धीर धरा' हा उपदेश सगळ्यांना सारखा लागू पडत नाही. ज्याच्या हातात निर्णय आहे त्याने जरा जास्त घाबरलं पाहिजे.

मग ज्याची झोप उडाली आहे त्याने काय करावं? आम्ही डॉक्टर नाही. भीतीने रोजचं जगणं अडत असेल तर डॉक्टरकडे जावंच, त्यात कमीपणा नाही. पण इतिहासातून तीन गोष्टी नक्की हाती लागतात. पहिली, भीतीला दिवस नेमून द्या. मेच्या आधी छपराचे हूक, झाडांच्या फांद्या, कागदपत्रांची पिशवी, औषधं, विजेरी हे सगळं बघून घ्या आणि मग ती यादी मिटवून ठेवा. दुसरी, बातमी एकाच ठिकाणची घ्या. हवामान खात्याचा इशारा साधारण 48 तास आधी येऊ लागतो. दिवसातून ठरलेल्या वेळी तो वाचा, मधल्या वेळी मोबाइल बाजूला. तिसरी, एकटं घाबरू नका. वाडीत कोणाचं घर पक्कं, कोणाच्या घरी म्हातारं माणूस एकटं, हे आधी बोलून ठेवा. शेजाऱ्याला आणायला जायचंय हे ठरलेलं असलं की स्वतःच्या धडधडीकडे बघायला वेळ कमी मिळतो.

आणि वादळ वळून गेलं तर चिडू नका. 2019 साली वायू वादळासाठी गुजरातने लाखो लोक हलवले आणि ते किनाऱ्याला न येता वळलं. 'फुकट घाबरवलं' म्हणणारे तेव्हाही होते. शाकारलेल्या होडीवर एखाद्या वर्षी पाऊस कमी पडला, म्हणून आपल्या आजोबांनी पुढच्या वर्षी शाकारणी सोडली नाही.

आपल्यापैकी कित्येकजण किनाऱ्यावरून आले आहेत. निसर्ग वादळाचे तुमच्या घरचे अनुभव लिहून ठेवा. तारीख, वेळ, वारा कोणत्या बाजूने आला, मध्ये शांत झाला का, कोणी कोणाला हाक मारली, सगळं. पिडिंग्टनची चकती अशाच साध्या नोंदींतून तयार झाली होती. आता आपले प्रश्न घेऊ.