जननस्वास्थ्य-जागृती, विद्यार्थिनींतील

विद्यापीठीय शिक्षण घेणाऱ्या स्त्रियांना ऋतुचक्र, गर्भधारणा, गर्भनिरोध, गर्भपात व गुप्तरोग यांविषयी शास्त्रीय माहिती मिळावी, यासाठी झालेले प्रयत्न. उत्तर अमेरिकेतील १९६७–७३ हा काळ या दृष्टीने विशेष महत्त्वाचा होय. विद्यार्थिनींच्या अज्ञानाचे मूळ केवळ लोकलज्जेत नव्हते. कायद्यानेच ते बव्हंशी पोसले होते, हे या काळात स्पष्ट झाले.

कॅनडाच्या १८९२ च्या दंडसंहितेनुसार गर्भनिरोधक साधनांची विक्री व जाहिरात हा गुन्हा होता. कृत्य लोकहितार्थ होते असे सिद्ध केल्यासच त्यातून सुटका होई. अमेरिकेत गर्भनिरोधक गोळीला १९६० मध्ये मान्यता मिळाली. तथापि मॅसॅचूसेट्स राज्यात अविवाहितांना गर्भनिरोधके देण्यास मनाई होती. परिणामी अविवाहित विद्यार्थिनींपुढे ऐकीव माहिती आणि प्रसंगी जिवावर बेतणारा चोरटा गर्भपात एवढेच मार्ग उरत.

एप्रिल १९६७ मध्ये विल्यम बेअर्ड यांनी बॉस्टन विद्यापीठातील व्याख्यानानंतर एका अविवाहित तरुणीस गर्भनिरोधक फेस दिला. याबद्दल त्यांना अटक व पुढे शिक्षा झाली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २२ मार्च १९७२ रोजी त्यांच्या बाजूने निकाल दिला व गर्भनिरोधके मिळविण्याच्या बाबतीत विवाहित-अविवाहित हा भेद घटनाबाह्य ठरविला.

माँट्रिऑल येथील मॅक्‌गिल विद्यापीठाच्या विद्यार्थिसंघाने १९६८ मध्ये *बर्थ कंट्रोल हँडबुक* ही पुस्तिका प्रसिद्ध केली. तीत जननेंद्रियांची रचना, ऋतुचक्र, गर्भनिरोधाच्या पद्धती, त्यांची परिणामकारकता व दुष्परिणाम, तसेच गर्भपात यांची माहिती सोप्या भाषेत दिली होती. कायदा मोडून काढलेली ही पुस्तिका इतर विद्यापीठांतही पोहोचली. कॅनडात १९६९ मध्ये गर्भनिरोधकांवरील बंदी उठली. पुढील आवृत्त्यांच्या लक्षावधी प्रती वितरित झाल्या आणि फ्रेंच आवृत्तीही निघाली.

याच सुमारास, १९६९ मध्ये, बॉस्टनच्या इमॅन्युएल महाविद्यालयातील परिषदेत एकत्र आलेल्या स्त्रियांनी शरीरविषयक अभ्यासवर्ग सुरू केले. त्यांची टिपणे १९७० मध्ये पुस्तिकारूपाने व १९७३ मध्ये *अवर बॉडीज, अवरसेल्व्ज* या ग्रंथरूपाने व्यापक वाचकवर्गापर्यंत गेली.

माहिती खुली झाली, तरी निर्णयाचा अधिकार लगेच मिळाला नाही. कॅनडात १९६९ नंतरही गर्भपातासाठी रुग्णालयीन वैद्यकीय समितीची संमती आवश्यक होती. ती तरतूद तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये रद्द केली. केवळ ज्ञानप्रसार पुरेसा नसून सेवेची उपलब्धता व कायद्याचे पाठबळ यांचीही त्यास जोड लागते, असे या इतिहासावरून दिसते.