रॉबर्ट स्मॉल्सचा हुद्दा

अमेरिकी यादवी युद्धात, 13 मे 1862 च्या पहाटे चार्ल्सटन बंदरातून कॉन्फेडरेट (दक्षिणेच्या) सैन्याचं ‘प्लँटर’ हे मालवाहू जहाज निघालं. गोरे अधिकारी रात्री किनाऱ्यावर राहिले होते. सुकाणू होतं तेवीस वर्षांच्या रॉबर्ट स्मॉल्स या गुलामाच्या हाती. सोबत त्याची बायकापोरं आणि इतर गुलाम खलाशी. सम्टर किल्ल्यासमोर त्याने शिरस्त्याप्रमाणे शिटी दिली, आणि तोफांच्या टप्प्याबाहेर पडल्यावर उत्तरेच्या आरमारासमोर पांढरी चादर फडकावली.

त्या आरमाराचे अधिकारी ड्यु पॉन्ट यांनी लगोलग वॉशिंग्टनला पत्र धाडलं. त्यात जहाजावरच्या तोफांची नोंद आहे. जहाजाच्या स्वतःच्या दोन आणि किल्लेबंदीसाठी नेल्या जात असलेल्या चार. त्याहून मोलाची होती स्मॉल्सने तोंडी दिलेली खबर: स्टोनो नदीच्या मुखावरून शत्रूने तोफा हलवल्या आहेत. आठवड्याभरात उत्तरेच्या गलबतांनी ती नदी ताब्यात घेतली.

स्मॉल्सला तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याचे शब्द आपल्यापर्यंत येतात ते 1863 साली चौकशी आयोगाच्या लेखनिकाने टिपलेल्या जबानीतून. बायको आणि मुलगी सोडवून घेण्यासाठी मालकाशी ठरलेला 800 डॉलरचा सौदा त्यात त्याने सांगितला आहे. माझ्या मते त्या पहाटेचं खरं कारण या आकड्यात सापडतं.

संसदेने जहाजाच्या ठरवलेल्या किमतीचा निम्मा भाग स्मॉल्स आणि त्याच्या साथीदारांना द्यायचा कायदा केला. पण किंमत लावली गेली जेमतेम नऊ हजार डॉलरच्या आसपास. स्मॉल्सच्या वाट्याला आले 1,500. पुढे 1883 साली आरमारविषयक समितीनेच आपल्या अहवालात हे मूल्यांकन फारच कमी असल्याचं म्हटलं. तोवर स्मॉल्स दक्षिण कॅरोलायनातून संसदेवर निवडून आला होता, आणि त्याला आरमाराच्या निवृत्त अधिकाऱ्यांच्या यादीत घेण्याचं विधेयक चर्चेत होतं.

ते विधेयक मंजूर झालं नाही. मुळात त्याच्या हुद्द्याबद्दलच घोळ आहे. डिसेंबर 1863 मध्ये ‘प्लँटर’वर गोळीबार सुरू होताच कप्तान कोळशाच्या कोठारात दडला आणि स्मॉल्सने जहाज बाहेर काढलं. त्याबद्दल त्याला कप्तान केलं, असं समितीचाच अहवाल सांगतो. पण ‘प्लँटर’ होतं लष्कराच्या पुरवठा खात्याकडे, आणि रीतसर सनद स्मॉल्सला मिळालेली नव्हती. म्हणून त्याला नुसता ‘आरमारी कप्तान’ म्हणणाऱ्या चरित्रांवर मी विसंबत नाही. राज्याच्या मिलिशियातला मेजर जनरल हा त्याचा हुद्दा मात्र पक्का आहे.

दक्षिण कॅरोलायनाच्या 1895 च्या घटना परिषदेत काळ्यांचा मताधिकार हिरावणारा मसुदा आला तेव्हा त्याने सही नाकारली. दोन वर्षांनी संसदेने खास कायदा करून त्याला महिना 30 डॉलर पेन्शन दिली. ती आरमारी कप्तानाच्या पेन्शनएवढी होती. 1900 साली जहाजाचा मोबदला वाढवून 5,000 डॉलर झाला, त्यातून आधीचे 1,500 वजा करून.